संध्याकाळी दिवे लागले की रेडिओ खरखरतो, लाइनीवरचा हा आवाज कमी कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की खानापूरकडं तुमच्या घरी सातनंतर मीडियम वेव्हवर धारवाड स्टेशन, ७६५ किलोहर्ट्झचं, तेवढं नीट ऐकू येतं, बाकी सगळीकडं नुसतं घर्रर्र, तर मेन बोर्डावर फिल्टर, म्हणजे वायरीतला आवाज अडवणारा डबा, बसवून घेऊ का. मी म्हणतो आत्ताच नको. आवाज कुठल्या वस्तूतून निघतोय ते आधी शोधा, कारण बोर्डावर फिल्टर लावला आणि आवाज करणारी वस्तू घरातच असली तर ती घरातल्या वायरीत आवाज सोडतच राहणार, फिल्टर आपला बोर्डावर बसून राहणार.

आमच्यात वडगावात हेच झालेलं. आप्पांना सांगली लागायची, १२५१ वर, रोजची सवय त्यांची, आणि अचानक एका थंडीत काहीच ऐकू येईना. मी सगळा दोष गल्लीतल्या यंत्रमागांना देत होतो. पण माग बंद असले तरी आवाज तसाच! नंतर समजलं की मागाची मोटर इंडक्शनची असते, तिला कार्बन ब्रश नसतात, त्यामुळं चालू-बंद करताना टक् होतं तेवढंच. मिक्सर आणि ड्रिल मशीनला ब्रश असतात, ठिणग्या तिथं उडतात, पण ते काय दिवसभर चालत नाहीत.

मग टेस्ट केली ती सांगतो, फुकटची आहे. सेलवरचा ट्रान्झिस्टर घ्या, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावा आणि घराचा मेन बंद करा. आवाज गेला तर घरातलाच, राहिला तर बाहेरचा. इथं मी चुकलो ते तुम्ही चुकू नका, मेन पाडला तरी आवाज राहिला म्हणून मी बाहेरचा समजून बसलो, पण इन्व्हर्टर चालूच होता की, त्याच्यावर देवघरातला एलईडी बल्ब आणि वायफायचा डबा दोन्ही चालू. इन्व्हर्टर पण बंद केल्यावर एकदम शांत, आप्पा आतून विचारायला लागले लाइट गेली काय म्हणून. मग एकेक वस्तू लावत गेलो तर तो बल्ब आणि वायफायचा अडॅप्टर हे दोघंच निघाले. तुमच्याकडं सातनंतर येतो म्हणजे मला पहिला संशय बल्बचाच आहे.

असं का होतं, तर या वस्तूंच्या आत करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्या वेगाचे दुप्पट, तिप्पट असे वरचे पट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात सगळीकडं पसरतात. हा आवाज आत अडवायला एक चोक, म्हणजे तारेचं वेटोळं, आणि कपॅसिटर लागतो, स्वस्त मालात तोच गाळलेला असतो, मग घराची सगळी वायरिंग अँटेना होते. बल्ब बदलणं सगळ्यात सोपं, दुकानातच ट्रान्झिस्टर जवळ धरून बघून घ्या, दुकानदार काही म्हणत नाही. पंख्याचा गोल फिरणारा डिमरसारखा रेग्युलेटर असेल तर टक् टक् असा स्टेपचा घ्या, आत कपॅसिटर असलेला.

वस्तू बदलता येत नसेल तर फेराइटची, म्हणजे काळ्या चुंबकी मातीसारख्या मालाची, मोठी रिंग आणून वस्तूच्या अगदी जवळ वायरचे आठ-दहा वेढे घ्या. वेढे दुप्पट केले की अडवण्याची ताकद साधारण चौपट होते. कॉम्प्युटरच्या केबलवर असतो तसला छोटा क्लिपचा गोळा एका फेऱ्यात मीडियम वेव्हला जवळजवळ काहीच करत नाही, त्यावर पैसे घालू नका.

तयार लाइन फिल्टर घ्यायचा तर तो पण त्या वस्तूपाशीच लावा आणि अर्थिंग चांगलं असेल तरच. आतले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेले असतात, अर्थ नसेल तर पत्र्याच्या बॉडीवर ११५ व्होल्टच्या आसपास येतं, हाताला झिणझिण्या येतात. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन सुकते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. आणि लाइनीवर कपॅसिटर स्वतः टाकायचा विचार असेल तर एक्स-टू लिहिलेला, म्हणजे मेन लाइनीवर लावायलाच बनवलेला, २७५ व्होल्ट एसीचाच पाहिजे, जुना कुठला तरी काढून लावला तर आग लागू शकते. हे वायरमनकडूनच करून घ्या.

आता सगळं बंद करूनही आवाज राहिला तर रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवा. आतली काळी कांडी, म्हणजे रेडिओची अँटेना, ज्या दिशेला रोखल्यावर आवाज सगळ्यात कमी होतो त्याच रेषेत उगम असतो, पुढं किंवा मागं. दोन जागांवरून बघितलं की कुठला खांब ते कळतं. खांबावरचा आवाज बहुतेक ढिल्या जोडाचा नाहीतर तडकलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरचा असतो, आणि तुमच्याकडं खानापूरच्या मोठ्या पावसात तो गायब होऊन थंडीत परत आला तर जवळजवळ खात्रीच, कारण ओल्यात ती बारीक फट भरून निघते आणि ठिणगी थांबते. खांबाला किंवा ताणाच्या तारेला हात लावू नका, ठोकून तर अजिबात बघू नका. १९१२ वर, म्हणजे वीज कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर, तक्रार देताना रेडिओ खरखरतो एवढंच सांगू नका, अमुक खांबावर ठिणगी पडतीय असं सांगा, खांबाचा नंबर द्या, आणि लाइनमन आला की ट्रान्झिस्टर त्याच्या हातात देऊन ऐकवा.