वाचकांचे प्रश्न : वेगवान मेमरी कार्डाचा ड्रायव्हर तपासताना

प्रश्न : मी पुण्यातील एका एम्बेडेड कंपनीत तीन वर्षांपासून काम करतो. आमच्या बोर्डवरील होस्ट कंट्रोलरच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये यूएचएस-१ कार्डांचा (वेगवान एसडी मेमरी कार्डांचा) सपोर्ट, एसडीआर १०४ या सर्वांत वरच्या वेगासह, जोडणारी पाच पॅचची (कोडमधील बदलांची) मालिका एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्याकडे रिव्ह्यूसाठी पाठवली आहे. त्यांच्याकडे कार्ड व्यवस्थित चालते. माझ्याकडे तो बोर्डही नाही आणि ऑसिलोस्कोपही नाही. केवळ कोड वाचून मी काय तपासावे, आणि ‘रिव्ह्यूड-बाय’ ही, कोड तपासल्याची नोंद करणारी ओळ द्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कार्ड त्यांच्याकडे चालते, म्हणजे सगळे सुरळीत झाल्यावर कोड ज्या वाटेने जातो ती वाट तपासून झाली आहे. तुमच्याकडे उरते ती बिघाडाची वाट. तिच्यासाठी बोर्ड लागत नाही. एसडी असोसिएशनच्या स्पेसिफिकेशनची मोफत मिळणारी संक्षिप्त आवृत्ती शेजारी उघडी असली, तरी पुष्कळ काम होते.

सर्वांत जास्त वेळ व्होल्टेज बदलाच्या पॅचला द्यावा. कार्ड आरंभी ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर बोलते आणि १.८ व्होल्टला तयार असल्याचे त्याने कळवले, तरच होस्ट (म्हणजे बोर्डवरील कंट्रोलर) त्याला सीएमडी ११ ही व्होल्टेज बदलाची कमांड पाठवतो. तिला उत्तर दिल्यावर कार्ड कमांडची आणि डेटाच्या लाइन्स खाली ओढून धरते. त्यानंतर होस्टने क्लॉक थांबवायचा, रेग्युलेटर (व्होल्टेज पुरवणारा भाग) १.८ व्होल्टवर आणायचा, क्लॉक किमान ५ मिलिसेकंद बंद ठेवायचा आणि तो पुन्हा सुरू केल्यावर १ मिलिसेकंदाच्या आत कार्डाने लाइन्स सोडल्या की नाही हे पाहायचे. हा क्रम लिनक्सच्या कर्नलमधील, सर्व कार्ड-ड्रायव्हर वापरतात तो सामाईक एमएमसी कोड सांभाळतो, आणि सावधगिरी म्हणून ५ ऐवजी १० मिलिसेकंद थांबतो. त्यामुळे ड्रायव्हरनेही वेगळा विलंब घातला असेल, तर त्याचे कारण विचारा. क्लॉकची फ्रीक्वेन्सी शून्य मागितली जाते तेव्हा ड्रायव्हर कंट्रोलरच्या रजिस्टरमधील क्लॉकचा बिट खरोखर उतरवतो का, हे मात्र ओळ न् ओळ वाचून पाहा. लाइन्स सुटल्या की नाही हे सांगणारे ‘कार्ड बिझी’ फंक्शन ड्रायव्हरने दिलेच नसेल, तर सामाईक कोड लॉगमध्ये एक इशारा लिहितो आणि पुढे जातो. तेथे बिघाड पकडला जात नाही.

एक बारकावा हमखास सुटतो. सिग्नलचे व्होल्टेज बदलणारे जे तयार फंक्शन कर्नलमध्ये आहे, ते काम झाले तर ०, बदलण्यासारखे काहीच नव्हते तर १ आणि चूक झाली तर ऋण संख्या परत करते. पॅचमध्ये ‘शून्य नसेल तर चूक’ अशी तपासणी लिहिली असेल, तर आधीच योग्य व्होल्टेजवर असलेला रेग्युलेटरही नापास ठरतो. तपासणी ‘शून्यापेक्षा कमी’ अशीच हवी. ज्येष्ठांच्या कोडवर शेरा मारताना संकोच वाटत असेल, तर येथून सुरुवात करा; या मुद्द्यावर वाद घालायला जागा नाही.

दुसरा प्रश्न रीबूटचा. एकदा १.८ व्होल्टवर गेलेले कार्ड रीसेटच्या कमांडने ३.३ वर परतत नाही. त्यासाठी त्याचा वीजपुरवठाच तोडून पुन्हा द्यावा लागतो. बोर्डवर कार्डाचा मुख्य पुरवठा कायम चालू ठेवलेला असेल, तर पहिले बूट उत्तम होते आणि रीबूटनंतर ३.३ व्होल्टवर बोलू पाहणाऱ्या बूटलोडरला कार्ड दाद देत नाही. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डवरील हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलच्या) पॅचमध्ये तो पुरवठा देणारा रेग्युलेटर बंद करता येण्याजोगा आहे का, ते पाहा. नसेल, तर त्या बोर्डसाठी १.८ व्होल्ट नाकारणारी नोंद घालणे हाच प्रामाणिक उपाय, मग वेग सेकंदाला २५ मेगाबाइटवर अडकला तरी चालेल.

ट्युनिंगचा पॅच तुलनेने सोपा. एसडीआर १०४ मध्ये क्लॉक २०८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. तेव्हा डेटा नेमक्या कोणत्या क्षणी वाचावा हे शोधण्यासाठी सीएमडी १९ ने ६४ बाइटचा ठरलेला नमुना वारंवार मागवला जातो. ड्रायव्हर स्वतः एकेक फेज (वाचनाचा संभाव्य क्षण) पडताळत असेल, तर सलग यशस्वी ठरलेल्या सर्वांत लांब पट्ट्याचा मध्य निवडला जातो का, तो पट्टा शेवटच्या फेजवरून पहिल्या फेजकडे वळला तर हिशेब चुकतो का आणि एकही फेज यशस्वी झाली नाही तर चूक परत जाते की जुनीच किंमत मुकाट्याने राहते, हे तीन प्रश्न विचारा. सस्पेंडनंतर ती किंमत रजिस्टरमध्ये टिकते असेही गृहीत धरू नका.

लेखकाकडे दोन गोष्टी मागा : १.८ व्होल्ट न स्वीकारणारे जुने कार्ड लावून घेतलेला लॉग, आणि डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलव्यवस्थेतील ‘आयओएस’ फाइलचा मजकूर, जिच्यात क्लॉक, टायमिंग आणि सिग्नल व्होल्टेज स्पष्ट दिसतात. कार्डावर छापलेला वेग पुरावा म्हणून स्वीकारू नका.

‘रिव्ह्यूड-बाय’ची ओळ जरूर द्या, पण आक्षेपांची उत्तरे मिळाल्यावर. तिचा अर्थ कोड वाचून तुमचे समाधान झाले इतकाच आहे. बोर्डवर चालवून पाहिल्याचे सांगणारी ‘टेस्टेड-बाय’ ही ओळ वेगळी आहे, ती तुम्ही देऊ नये. पाचपैकी तीनच पॅच नीट समजले असतील, तर त्या तिघांनाच ‘रिव्ह्यूड-बाय’ द्या. कर्नलच्या रिवाजात यात कमीपणा नाही.