शरण आलेला गॉब्लिन

प्रश्न : आम्ही पाच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून, पात्रं वठवून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. माझं पात्र पॅलेडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, आहे. गेल्या वेळी आमच्या जादूगाराने स्लीप हा झोपवणारा मंत्र टाकून तीन गॉब्लिन (छोटे राक्षसी जीव) झोपवले, आम्ही ते बांधले. त्यातला एक जागा होऊन म्हणाला, "मारू नका, वाट दाखवतो." मी तिघांनाही जीवदानाचा शब्द दिला. वाट कळताच रोग (Rogue, म्हणजे चोरटा) हे पात्र खेळणाऱ्या मित्राने तिघांचे गळे चिरले. मी चिडलो तर सगळे म्हणाले, "गॉब्लिन दुष्टच असतात, आणि हा खेळ आहे." माझं चुकतंय का?

उत्तर : नाही, मुळीच नाही.

2014च्या नियमांत साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, 7. स्लीपसाठी पाच आठबाजूंचे फासे टाकतात, त्यांची सरासरी 22.5. बेरीज येईल तेवढ्या हिट पॉइंटांचे शत्रू झोपतात, आणि तिघांचे मिळून 21. म्हणून तिघे आडवे झाले. ती झोप मिनिटभराची. त्या मिनिटात कोणी वार केला असता तर मी तो लढाईतच धरला असता. उठलेला पहारेकरी आरडाओरडा करणार, आत आणखी किती आहेत ठाऊक नाही. पण दोर आवळला तिथे लढाई संपली. आणि तुम्ही शब्द दिलात तेव्हा ते तिघे तुमच्या पदरात आले.

'दुष्टच असतात' हे 2014च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात, छापलेलं आहे खरं. पण ती प्रवृत्ती डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) बदलू शकतो, हेही त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेलं आहे. आणि समजा, असतील दुष्ट. द्रोण तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? अभिमन्यूला घेरणाऱ्यांत तेही होते. तरी शस्त्र टाकून बसलेल्या द्रोणांचं मस्तक धृष्टद्युम्नाने उडवलं ते आपल्याला खुपतं. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या अर्जुनालाही खुपलं.

माझा रोख मात्र तुमच्या मित्रापेक्षा डीएमकडे जास्त आहे. गॉब्लिनच्या तोंडी "मारू नका" घातलं की तो नुसता सात हिट पॉइंटांचा अडथळा राहत नाही. त्याला जिवंत ठेवण्यातही काही खेळण्यासारखं हवं, आणि ते डीएमनेच द्यायचं असतं. हे मी स्वतः डीएम असताना शिकले. माझ्या पहिल्या मोहिमेत सोडलेला प्रत्येक कैदी मी पुढच्या खोलीत सुरा घेऊन परत आणायचे. मला त्यात थरार वाटायचा. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर शरण येणाऱ्याचं वाक्य पुरं होण्याआधीच माझ्या खेळाडूंचे फासे पडू लागले. त्यांना निर्दय मी केलं होतं. पुढे एका सोडलेल्या कैद्याने फक्त पुलाखालचा सापळा दाखवला आणि तो निघून गेला. त्या रात्री टेबलावर कितीतरी वेळ त्याचीच चर्चा चालली होती. कोणाला कळलंच नाही, इतकी साधी दुरुस्ती होती ती.

पाचव्या आवृत्तीत जवळून केलेल्या वाराने शेवटचा हिट पॉइंट गेला, तर मारायचं की बेशुद्ध करायचं हे वार करणाराच ठरवतो. म्हणजे दयेसाठी वेगळा नियम लागत नाही.

पुढच्या वेळी खेळ सुरू होण्याआधी, पात्रं बाजूला ठेवून, मित्राला शांतपणे विचारा : सोडले असते तर काय झालं असतं? बहुधा तो म्हणेल, "परत येऊन पाठीत सुरा खुपसला असता." मग सगळ्यांसमोर डीएमला विचारा, खुपसला असता का?