नॉन-रिफंडेबल बुकिंगचे पैसे परत मिळतात का?

प्रश्न : आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं सुट्टीत एका मोठ्या शहरातल्या बुटीक हॉटेलात गेलो. अ‍ॅपवर ‘आतून जोडलेल्या दोन खोल्या, लिफ्टची सोय’ असं वाचून तीन रात्रींचे पैसे आधीच भरले होते. प्रत्यक्षात एक खोली पहिल्या मजल्यावर, दुसरी तिसऱ्यावर आणि लिफ्ट नाहीच. सासूबाईंना जिना चढवत नाही. मी रात्रीच मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅप केलं, सकाळी आम्ही निघालो. निघताना ‘स्वखुशीने लवकर जात आहोत’ अशा कागदावर यांची सही घेतली. आता हॉटेल म्हणतं, बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं. अ‍ॅप म्हणतं, हॉटेलशी बोला.

उत्तर : ताई, नॉन-रिफंडेबलची अट तुम्ही बेत बदललात तर लागू होते. इथे तुम्ही बेत बदललेला नाही, कबूल केलेली खोलीच हॉटेलने दिली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही सेवेतली त्रुटी आहे, आणि नसलेली लिफ्ट आहे म्हणून सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा. छापील अटीमागे हॉटेलला दरवेळी लपता येत नाही. व्हॅले पार्किंगमधून, म्हणजे हॉटेलच्या माणसाकडे किल्ली देऊन लावायला दिलेली गाडी चोरीला गेली तेव्हा, पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापून हॉटेल स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं आहे.

तुमची कमकुवत बाजू आहे ती सही. हॉटेल तोच कागद पुढे करणार. म्हणून रात्रीचा तो मेसेज जिवापाड जपा. आदल्या रात्री तक्रार करणारं कुटुंब सकाळी ‘स्वखुशीने’ कसं निघेल, हा प्रश्न त्या मेसेजमुळेच उभा राहतो. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. सासूबाईंच्या गुडघ्यांचे डॉक्टरांचे कागदही काढून ठेवा.

आता हॉटेल आणि अ‍ॅप दोघांनाही लेखी नोटीस पाठवा. अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी हॉटेलच्या शहरात खेटे घालायला नकोत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनसुद्धा. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र तक्रारीत ‘अन्याय्य करार रद्द करा’ अशी मागणी घालू नका. तो विषय जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाही, राज्य आयोगाकडे जातो, आणि समोरच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढंच मांडा.

मागणी वाजवी ठेवा. न राहिलेल्या दोन रात्रींचे पूर्ण पैसे, पहिल्या रात्रीचा काही भाग, दुसरीकडे राहावं लागलं असेल तर त्याचा जादा खर्च पावतीसह, आणि मनस्तापाची भरपाई. जी एक रात्र तुम्ही तिथे काढलीत, तिचे सगळे पैसे मिळतील, अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

सर्वांत आधी, आज रात्रीच, अ‍ॅपवरच्या त्या जाहिरातीचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. तुमची नोटीस पोचली की ‘लिफ्ट’ हा शब्द तिथून गायब होऊ शकतो.