छत्तीस तासांच्या गस्तीत झोपायचं कधी?

प्रश्न : किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी होणाऱ्या ‘सागर कवच’ सरावाच्या वेळी आमच्या गस्तीनौकेवर सहा जण असतो. 36 तास जागूनच काढायचे, असा काहींचा हट्ट. चहावर निभत नाही का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : निभतंय असं वाटतं, तिथंच घात आहे. सलग 24 तास जागलेला माणूस रक्तात 0.10 टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो आणि त्याचं त्यालाच ते कळत नाही. सुकाणू धरणं, वायरलेसवर ठरलेला निरोप देणं चालू राहतं. आधी जातो तो विचार. अमेरिकी लष्कराने तोफखान्याची गणितं करणाऱ्या तुकड्यांना सलग कामाला लावून पाहिलं. दीड दिवसानंतरही आकडेमोड बरोबर येत होती; पण नकाशा भरणं सुटलं आणि निशाण्यावर इस्पितळ तर नाही ना, हे कुणी तपासेना. तुमच्याकडे बोट दिसेल, नंबरही टिपला जाईल. ती या वेळी इथं कशाला, हे मात्र कुणाच्या डोक्यात येणार नाही.

दोघादोघांच्या तीन पाळ्या लावा : 10 ते 2, 2 ते 6, 6 ते 10. चार तास काम, आठ तास मोकळे, दोन्ही दिवस तेच तास. पाच तास काम आणि दहा सुट्टी नको. झोपेची वेळ रोज सरकते. पहाटे 2 ते 6 सगळ्यांत वाईट. त्या जोडीने संध्याकाळी सातला जेवून आडवं व्हावं, दीडला उठावं. उठल्यावर अर्धा तास डोकं जड असतं, तेव्हा लगेच सुकाणू देऊ नका. चहा तेव्हाच घ्या. रात्री 2 ला सुटणाऱ्यांचा शेवटचा कप 9 च्या सुमारास. झोपायला नौकेचा मधला भाग बरा, पण डिझेलचा धूर येत नसेल तरच. नाळेकडे आदळआपट फार. आणि प्रमुखालाही पाळीत बसवा. ‘मी बघतो, तुम्ही झोपा’ म्हणणाराच सगळ्यांत आधी चुकीचा हुकूम देतो.

प्रश्न : तीनच तास मिळाले तर उपयोग काय?

उत्तर : बराच. ब्रिटिश पायदळाच्या नऊ दिवसांच्या सरावात झोप अजिबात न मिळालेली पलटण चार रात्रींनंतर सगळीच्या सगळी बाहेर पडली. रोज तीन तास झोपलेल्यांपैकी बहुतेक शेवटपर्यंत टिकले. बारकाईच्या कामात तेही घसरले, म्हणून हुकूम लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. सरावाआधी चार-पाच रात्री लवकर झोपलात तर घसरण उशिरा सुरू होते. सुटल्यावर मोटारसायकलवर घाट चढू नका. आधी तिथंच दोन तास झोपा.