जुनी ‘इमारी’ भांडी इमारी गावातच बनायची का?

नाही. इमारी हे जपानच्या क्यूशू बेटावरचं बंदर. भांडी भाजली जायची जवळच्या आरिता गावात, पण माल इमारीहून जहाजावर चढायचा, म्हणून नाव बंदराचं पडलं. १६१६च्या सुमारास यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराला आरितात पोर्सेलिनचा, म्हणजे पांढरी चिनी मातीची भांडी ज्यापासून बनतात तो, दगड सापडला, असं परंपरा सांगते. पुढे चीनमधल्या धामधुमीत तिथला माल अडला आणि १६५९मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आरिताला हजारो नगांची ऑर्डर दिली.

घेताना ताटली आधी उलटी करा. तळाला टाचणीच्या डोक्याएवढे खरबरीत ठिपके दिसले, तर भट्टीत तळ खचू नये म्हणून लावलेल्या टेकूंच्या त्या खुणा. चिनी मालावर त्या सहसा नसतात. तळावरच्या चिनी सम्राटाच्या राजवटीच्या शिक्क्याला मात्र भुलू नका. आरितावाले त्याची सर्रास नक्कल करायचे.