मोठ्या रिॲक्टरमध्ये ग्लुकोजचं सॉर्बिटॉल होताना अभिक्रिया मंदावते. तापमान वाढवावं का?

तापमानाला इतक्यात हात लावू नका. तुम्ही म्हणता की लहान ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) रेने निकेलवर, म्हणजे सच्छिद्र निकेलच्या कॅटॅलिस्टवर, बॅच वेळेत संपायची, पण मोठ्या रिॲक्टरमध्ये तेच तापमान, तोच दाब, कॅटॅलिस्टचं तेच प्रमाण असूनही ती रेंगाळते आणि मॅनिटॉल हा नको असलेला जोड-पदार्थ वाढतो. फक्त आकार बदलल्यावर बिघडलं असेल, तर माझा पहिला संशय ग्लुकोजला जोडल्या जाणाऱ्या हायड्रोजनवर.

हिशेबाने तो फार लागत नाही: 180 ग्रॅम ग्लुकोजला 2 ग्रॅम, म्हणजे टनाला साधारण 11 किलो. खरी अडचण तो पोचवण्याची. वायूतून द्रवात, द्रवातून निकेलच्या कणापर्यंत आणि मग कणाच्या छिद्रांत शिरायचं, आणि पाण्यात हायड्रोजन मुळातच फार कमी विरघळतो. गेजवर दिसणारा दाब वरच्या मोकळ्या जागेतला असतो. कणापाशी किती हायड्रोजन आहे, हे त्यावरून कळत नाही.

अशा वेळी तापमान वाढवलं की निकेलला हायड्रोजन जास्त वेगाने लागतो, पुरवठा मात्र जवळपास तेवढाच राहतो. उरलेलं ग्लुकोज गरम द्रावणात थांबून राहतं, त्यातलं काही फ्रुक्टोज होतं, आणि फ्रुक्टोजचं हायड्रोजनेशन झालं की सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉल साधारण निम्मं-निम्मं मिळतं. शिवाय हायड्रोजनला मुकलेल्या पृष्ठभागावर ग्लुकॉनिक आम्ल तयार होतं. ते निकेलला चिकटून त्याची ताकद घटवतं.

सामू जरूर तपासा. रेने निकेल बनवताना निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूतलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने काढतात. धुणं अपुरं राहिलं तर अल्कली आत येते, आणि ग्लुकोजचं फ्रुक्टोज व्हायला तिचीच मदत होते. धुताना कॅटॅलिस्ट कोरडा पडू देऊ नका, हवेत तो पेट घेतो.

आता चाचणी. बाकी काही न बदलता, सील आणि मोटरच्या मर्यादेत ढवळणीचा वेग वाढवा आणि सुरुवातीच्या टप्प्यात हायड्रोजन किती वेगाने खपतो ते पाहा. शेवटच्या टप्प्यावरून निष्कर्ष नको, कारण तिथे ग्लुकोजच कमी उरल्यामुळे वेग आपोआप पडतो. खप वाढला तर दोष वायू-द्रव मिसळण्यात आहे. मग बॅफल्स (भांड्याच्या भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या), स्पार्जर (द्रवात वायूचे बुडबुडे सोडणारी नळी), किंवा वरचा वायू पोकळ शाफ्टमधून खाली ओढणारी ढवळणी यांचा विचार करा. लहान भांड्यातला आरपीएम मोठ्यात तसाच ठेवणं निरर्थक आहे. दर लिटरमागे किती शक्ती मिळते ते बघा. वेग वाढवूनही फरक पडला नाही, तर कॅटॅलिस्टकडे वळा: गंधकासारखं कॅटॅलिस्ट निकामी करणारं विष आत येणाऱ्या ग्लुकोजच्या द्रावणातून येतंय का, तो किती वेळा वापरला गेलाय.

रुथेनियम-कार्बन घेण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. कॅटॅलिस्ट उत्तमच आहे, निकेलसारखा द्रावणात उतरत नाही. पण तो जास्त चपळ असल्याने त्याला हायड्रोजनही जास्त वेगाने लागेल, म्हणून पुरवठा सुधारण्याआधी त्यावर खर्च करू नका. आणि पुरवठा सुधारायच्या आधी कूलिंग कॉइलची क्षमता तपासाच: अभिक्रिया उष्णता सोडते, आणि वेग वाढला की ती उष्णता कमी वेळात बाहेर काढावी लागेल.