कॅलेथियाची पानं रात्री उभी राहतात आणि कडा करपतात, पाणी वाढवू का?

वाढवू नका. कॅलेथिया, म्हणजे नक्षीदार पानांचं ते घरातलं झाड, त्याची पानं संध्याकाळी उभी राहतात म्हणून नर्सरीवाल्याने 'तहानलंय' सांगितलं आणि तुम्ही रोज दोनदा आरओ फिल्टरच्या सांडपाण्याच्या नळीतून निघणारं पाणी घालताय, असं तुम्ही लिहिलंय. पानांची हालचाल हा आजार नाहीच. आजार त्या पाण्यात आहे.

चिंचेची, शिरीषाची पानं तिन्हीसांजेला मिटतात, तेव्हा बादली घेऊन कुणी धावत नाही. कॅलेथियाचं तेच आहे. देठ जिथं पानाला जुळतो तिथं बोटाला लागेल असा किंचित फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागे पाणी जातं आणि ती बाजू सैल पडते. समोरची बाजू त्याच वेळी फुगते आणि पान उचललं जातं. सकाळी उलट. हे झाडाच्या आतल्या घड्याळावर चालतं. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळू अंधारात ठेवली, तरी ती वेळेवर उघडत-मिटत राहिली. तुमचं झाड रोज उभं-आडवं होतंय म्हणजे सांधा आणि बहुतेक मुळंही अजून शाबूत आहेत. काळजी उलट प्रसंगी करायची: पानं दिवसरात्र एकाच जागी थिजली, किंवा भर दिवसा पान नळीसारखं गुंडाळलं. उठणं सांध्याचं, गुंडाळणं पात्याचं. तहान असेल किंवा हवा कोरडी असेल, तर पातं गुंडाळतं. हा फरक नर्सरीत काम करणाऱ्यांनाही माहीत नसतो, याचा मला खरोखर राग येतो.

आता आरओचं पाणी. 'वाया जातं ते झाडांना घाला' हा सल्ला मी जिथं ऐकते तिथं खोडून काढते. साधा हिशोब करा. आत ३ लिटर गेलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटर) ३००. शुद्ध मिळालं १ लिटर. जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या २ लिटरमध्ये, म्हणजे टीडीएस सुमारे ४५०. बोअरचं पाणी असेल तर आकडा याहून खूप वर जातो. पानातून वाफ होते ती फक्त पाण्याची. क्षार टोकाशी आणि कडेला साठत जातात आणि तिथल्या पेशी मरतात. तपकिरी कड ती हीच. जास्वंद हे सोसेल, कॅलेथिया नाही. पाणी वाचवायचंय हे मलाही पटतं, त्या पाण्याने फरशी पुसा, संडास धुवा. रात्रभर बादलीत ठेवून क्लोरीन उडतं, क्षार उडत नाहीत, त्यामुळे तो उपायही इथं फुकट.

पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. नाहीतर आरओचं शुद्ध पाणी आणि नळाचं पाणी अर्धं-अर्धं. आधी कुंडी धुवून काढा: कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट चांगलं पाणी हळूहळू वरून ओता, खालून पूर्ण निथळू द्या, बशीत साचलेलं फेकून द्या. त्यानंतर वरची इंचभर माती बोटाला कोरडी लागेपर्यंत थांबा. झाड चिकट लाल मातीत असेल तर ती बदला: २ भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), १ भाग गांडूळखत. कोकोपीट न धुता घेतलंत तर त्याचेच क्षार मुळांना लागतील. नवी कुंडी जुनीपेक्षा इंच-दीड इंचच मोठी हवी. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं कुजतात. मग खालची पानं पिवळी पडतात, देठ बुडाशी मऊ होतात.

बाल्कनीत ठेवू का, हेही विचारलंत: थेट ऊन नको, नक्षी फिकी पडते. पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फूट आत ठेवा. खत नवीन पान फुटेपर्यंत घालू नका, ते क्षारच आहेत. पानांवर पाणी फवारून काही मिनिटांपलीकडे दमटपणा टिकत नाही, पावसाळ्यात तर बुरशीचे डाग पडतात. एसीचा झोत लागत असेल तर झाड हलवा.

करपलेली कड पुन्हा हिरवी होणार नाही, नवीन पानावरूनच फरक कळेल. सर्वांत जुनं पान एकटंच वाळलं तर ते वय आहे, तोडून टाका. आणि पानाखाली बारीक जाळी, वरून फिकट ठिपके दिसले तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीचं बघा: पानांची खालची बाजू पाण्याने धुवा, मग निमतेल, दर पाच-सहा दिवसांनी, तीनदा. टीडीएसचा आकडाही पूर्ण सांगत नाही, त्यात कोणते क्षार आहेत ते मीटरला कळत नाही. गरम पाण्याच्या भांड्याला पांढरा थर बसत असेल, तर ते पाणी कॅलेथियाला घालू नका.